मृच्छकटिकातील हसू आणि साक्ष

विनोदाचे जे नाना प्रकार आहेत, त्यांत परक्या माणसाच्या बोलण्याला हसणे हा सर्वांत सोपा प्रकार होय. त्याला फारशी बुद्धी लागत नाही आणि निरीक्षणही बेताचेच पुरते. मराठी नव्याने शिकणारा माणूस प्रथम लिंगात चुकतो. ‘माझा गाडी’ म्हणतो, ‘ती घर’ म्हणतो. आणि आपल्या रंगभूमीवर एवढ्या भांडवलावर हशा पिकविता येतो. व्याजाची वही काखोटीस मारलेला मारवाडी, गडबडलेला पारशी शेठ, दुधाच्या चरव्या घेऊन येणारा भय्या ही ठरीव सोंगे आपल्या जुन्या फार्सांपासून आजच्या चित्रवाणीवरील मालिकांपर्यंत थोड्याफार फरकाने चालत आली आहेत. घरातील मुले ती ऐकतात आणि दुसऱ्याच दिवशी दाराशी आलेल्या माणसापुढे त्याच्याच बोलीची नक्कल करून दाखवितात. वडील माणसे मुलाच्या हुशारीचे कौतुक करितात. असल्या विनोदाने कोणाचे काय बिघडते, असे पुष्कळ जण विचारतात. त्यांनी त्या वेळी दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा एकवार पाहावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

परंतु मन दुखावणे हा या विनोदाचा सर्वांत मोठा दोष नव्हे. मन सर्वांचेच केव्हा ना केव्हा दुखावते. खरा प्रश्न याहून पुढचा आहे. जो माणूस एकदा हसण्याचा विषय झाला, त्याचे म्हणणे पुढे कोणी गंभीरपणे ऐकून घेतो काय? तो काही खरे सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास बसतो काय? समाज ज्याला हसतो त्याची साक्ष तो सहसा मानीत नाही, आणि ज्याची साक्ष मानावयाची नाही त्याला अगोदर हसून ठेवतो. या दोन गोष्टींचा निकट संबंध आहे असे आम्हांस वाटते. हा संबंध ज्या एका नाट्यकृतीत आम्हांस अत्यंत स्पष्टपणे दिसला, तिचा विचार येथे करावयाचा आहे. ती कृती म्हणजे शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’.

गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक संगीताच्या वेषात मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून चारुदत्त, वसंतसेना आणि शकार ही नावे मराठी घरांतून ओळखीची झाली. या नाटकाची स्तुती साधारणतः दोन कारणांसाठी होते. दरिद्री पण उदार चारुदत्त आणि गुणलुब्ध गणिका वसंतसेना यांची प्रीती हे एक; आणि राजवाड्यातील उपवने सोडून संस्कृत नाटक येथे नगराच्या रस्त्यावर उतरते, हे दुसरे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या मते मात्र या नाटकाचा विशेष तिसऱ्याच ठिकाणी आहे. ज्या माणसांना आपण पहिल्या काही अंकांत हसतो, तीच माणसे शेवटच्या अंकांत साक्षीदार म्हणून आपल्यासमोर उभी राहतात. त्यांच्या साक्षीवर एका निरपराध माणसाचे प्राण अवलंबून असतात.

कथानक वाचकांस ठाऊक असेलच. तथापि पुढील विवेचनासाठी थोडक्यात सांगतो. स्थळ उज्जयिनी. राजा पालक. त्याचा शालक शकार वसंतसेनेच्या मागे लागलेला; तिचे मन मात्र दानधर्मात संपत्ती घालवून बसलेल्या चारुदत्तावर. गाड्यांची अदलाबदल होऊन वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत बसते आणि पुष्पकरंडक उद्यानात त्याच्या हाती सापडते. ती वश होत नाही असे पाहून शकार तिचा गळा दाबतो, मेली असे समजून तिच्यावर वाळलेली पाने लोटतो, आणि न्यायसभेत जाऊन खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. चारुदत्ताला देहदंडाची आज्ञा होते. वध्यस्थानी अखेरच्या क्षणी वसंतसेना जिवंत येऊन पोचते. त्याच वेळी पालकाचा वध होऊन आर्यक नावाचा गवळ्याचा पोर राजा होतो. दहा अंकांच्या या प्रकरणात जुगारी, चोर, दास, गाडीवान, भिक्षू, पहारेकरी, चांडाल असा सारा वेशीवरचा आणि वेशीबाहेरचा जनसमूह वावरतो. पृथ्वीधर या टीकाकाराने या पात्रांच्या बोली वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. शौरसेनी, आवंतिका, प्राच्या, मागधी, त्याखेरीज शकारी, चांडाली आणि ढक्की. म्हणजे बोलीवर विनोद करण्याचे साहित्य नाटककाराच्या हाताशी विपुल होते. त्याचा त्याने कोठे आणि कसा उपयोग केला, हे पाहण्याजोगे आहे.

बोलण्यावरून ज्याची सर्वांत अधिक थट्टा झाली आहे ते पात्र शकाराचे. त्याच्या तोंडी ‘स’चा ‘श’ होतो आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले. पुराणे त्याने ऐकली आहेत, पण डोक्यात सगळी सरमिसळ झाली आहे. पहिल्याच अंकात पळणाऱ्या वसंतसेनेला तो रामाला भ्यालेल्या द्रौपदीची उपमा देतो, आणि हनुमंताने सुभद्रेला धरिले तसा मी तुला धरितो असे म्हणतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. आता हा शकार कोण आहे? तो कोणी परदेशी हमाल नव्हे. राजाचा मेहुणा आहे. त्याच्या चुका त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगण्याची कोणाची छाती नाही. न्यायाधीश त्याची फिर्याद आज ऐकणार नाही म्हणतो, तेव्हा राजाला आणि बहिणीला सांगून तुला पदावरून काढवीन अशी धमकी तो देतो, आणि फिर्याद तत्काळ दाखल होते. अज्ञान गरिबाच्या ठिकाणी असले तर ती त्याची अडचण असते. सत्तेच्या ठिकाणी असले म्हणजे ते इतरांचे संकट होते. शूद्रकाने सर्वांत मोठा हशा नेमका या ठिकाणी ठेविला आहे. आठव्या अंकात त्याच विक्षिप्त बडबडीतून गळा दाबण्याची कृती निघते, तेव्हा आपले हसू जागच्या जागी वाळते. इतका वेळ ज्याला खुळा समजत होतो तो खुळा नव्हता, मोकाट होता, हे आपल्या ध्यानात येते.

दुसरा हशा प्रेक्षकांच्या स्वतःच्या वर्तुळावर आहे. शर्विलक हा चार वेद जाणणाऱ्या आणि प्रतिग्रह न घेणाऱ्या ब्राह्मणाचा मुलगा. तो मदनिका नावाच्या दासीला मुक्त करण्यासाठी चोरी करितो. भिंतीला भोक पाडताना मापनासाठी दोरी जवळ नाही असे पाहून तो जानवे काढतो, आणि या यज्ञोपवीताचे चोराच्या धंद्यात किती उपयोग आहेत याची यादीच सांगतो. भिंत मोजता येते, दागिन्यांच्या कळा सोडविता येतात, दाराची कडी काढता येते, विषारी जनावर डसले तर वर बांधता येते. चोरीचेही त्याने शास्त्र केले आहे. भोक कमळाच्या आकाराचे पाडावे की कुंभाच्या, याची तो चर्चा करितो. ज्याचे घर फुटले तो चारुदत्तही प्रथम त्या भोकाची कारागिरी वाखाणतो! ज्या विद्वान प्रेक्षकांपुढे हे नाटक झाले असेल, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या खांद्यावर जानवे असलेच पाहिजे. शास्त्राच्या नावाखाली वाटेल ते शिष्टसंमत करून घेण्याच्या त्यांच्या सवयीला ही कोपरखळी आहे. आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या त्रिकुटाकडून स्वतःच्याच समाजाच्या रूढींची जी थट्टा केली, तिचे कूळ हेच आहे. आपल्या माणसांना हसण्याचा अधिकार लेखकाला असतोच. त्यासाठी धैर्यही लागते.

आता खऱ्याखुऱ्या परक्यांकडे वळू. संवाहक हा पाटलिपुत्राचा राहणारा. घरचा बरा, अंग रगडण्याची कला त्याने कला म्हणून शिकली, देश पाहण्याच्या हौसेने उज्जयिनीस आला, आणि शिकलेली कला पोटाचा धंदा होऊन बसली. परगावी नशीब काढावयास गेलेल्या किती तरी माणसांचा हा इतिहास आहे. चारुदत्ताचे दारिद्र्य आल्यावर त्याची नोकरी सुटली आणि तो जुगारात पडला. दुसऱ्या अंकात दहा सुवर्णांचे देणे बुडवून तो पळतो, एका ओस देवळात उलट्या पावलांनी शिरतो आणि मूर्ती नाही असे पाहून स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे चतुर. ते मूर्तीसमोरच फासे टाकू लागतात. फाशांचा खुळखुळाट ऐकून ‘देवा’ला राहवत नाही आणि तो खेळावयास धावतो. हास्यरसाचे याहून नामी दृश्य संस्कृत नाटकांत क्वचितच सापडेल. पण हसता हसता एक गोष्ट लक्षात घ्यावी. येथे हसू त्याच्या मागधी बोलीवर नाही, पाटलिपुत्रावर नाही, अंग रगडण्याच्या धंद्यावरही नाही. ते मोहावर आहे, आणि मोह उज्जयिनीच्या नागरिकालाही तितकाच असतो. प्रेक्षक त्याला हसतो तेव्हा स्वतःच्या अंगातील जुगाऱ्याला हसत असतो. पुढे हाच संवाहक भिक्षू होतो. पानांच्या ढिगाऱ्याखाली पडलेल्या वसंतसेनेला तोच पाहतो, आपल्या ओल्या चीवराचे पाणी पिळून तिला शुद्धीवर आणतो, आणि आपल्या व्रतामुळे तिला स्पर्श न करता वेल वाकवून तिच्या हाती देतो. ती धरून ती उठते. एका परगावच्या, कर्जबाजारी, चेष्टेचा विषय झालेल्या माणसाच्या हातून कथेतील सर्वांत नाजूक कृत्य घडते.

स्थावरक हा तर शकाराचा दासच. धनी त्याला वसंतसेनेचा वध करावयास सांगतो. सोन्याची कडी देऊ करितो, सोन्याचे आसन देऊ करितो, सर्व दासांचा मुख्य नेमतो म्हणतो. स्थावरक नकार देतो. कारण विचारले तर म्हणतो, परलोकाला भितो. परलोक म्हणजे काय, असे शकार विचारतो. पुण्यपापाचा परिणाम, असे उत्तर येते. पुण्याचा परिणाम कसा असतो? धन्यासारखा, पुष्कळ सोने ल्यालेला. आणि पापाचा? माझ्यासारखा, दुसऱ्याच्या अन्नावर जगणारा. म्हणून यापुढे पाप करणार नाही! हा संवाद वाचताना हसू येते, आणि मग ते घशात अडकते. या बापड्याने समाजाची सगळी शिकवण प्रामाणिकपणे मान्य केली आहे. धनी पुण्यवान म्हणून धनी, आपण पापी म्हणून दास, यात त्याला शंका नाही. याच शिकवणीच्या आधाराने तो धन्याची आज्ञा मोडतो. ज्यांनी ती शिकवण दिली, त्यांच्यापैकी एकाचीही हिंमत पुढे न्यायसभेत दिसत नाही.

याच स्थावरकाची पुढची हकीकत आमच्या मुद्द्याला अत्यंत पोषक आहे. शकार त्याला वाड्याच्या माडीवर बेड्या घालून ठेवतो. चारुदत्ताला वध्यस्थानी नेत असल्याची दवंडी ऐकताच तो बेड्यांसकट खाली उडी टाकतो आणि खरा खुनी कोण ते ओरडून सांगतो. शकार सांगतो की हा माझे सोने चोरणारा दास आहे, त्याला मी मारले म्हणून तो वैर साधतो; पाठीवरचे वळ पाहा. आणि लोकांस ते पटते! अंगावरच्या मारानेच त्याची साक्ष खोटी ठरविली. दासाचे खरे बोलणेही कोणाला खरे वाटत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढून तो चारुदत्ताच्या पायांवर पडतो. आपल्या हातून होण्याजोगे एवढेच होते, असे त्याला म्हणावे लागते. आठव्या अंकात ज्याच्या भोळ्या बोलण्याला प्रेक्षक हसला, तोच दहाव्या अंकात सत्य सांगतो आणि रंगभूमीवरील लोक त्याला झिडकारतात, तेव्हा प्रेक्षकाला आपल्या हसण्याचा जाब आपणच द्यावा लागतो.

सहाव्या अंकातील दोन पहारेकऱ्यांचा प्रवेश मात्र आमच्या मते या सर्वांहून अधिक मार्मिक आहे. आर्यक बंदिशाळेतून निसटून चारुदत्ताच्या गाडीत लपला आहे. गाडी अडविली जाते. गाडीवान भोळेपणाने सांगतो की आत वसंतसेना आहे आणि ती उद्यानात चालली आहे. चंदनक आत डोकावतो, आर्यकाला ओळखतो आणि शरणागताला अभय देतो. पण खाली उतरून वीरकाला सांगताना त्याची जीभ चुकते. आर्य पाहिला असे बोलून जातो आणि लगेच आर्या म्हणून सावरतो. वीरकाला संशय येतो. तेव्हा चंदनक काय म्हणतो? आम्ही दाक्षिणात्य लोक, आमचे बोलणे अस्पष्टच. खश, कर्णाट, द्रविड, चोल, चीन, बर्बर अशा नाना लोकांच्या भाषा आमच्या तोंडी. आर्य काय नि आर्या काय, आम्ही वाटेल तसे बोलतो!

उज्जयिनीच्या दृष्टीने विंध्याच्या खालचे सारे दाक्षिणात्य. त्यांत आपणही आलो. दक्षिणेकडच्याला लिंग कळत नाही, त्याची भाषा कडबोळे असते, ही नगरातील लोकांची ठरलेली थट्टा असली पाहिजे. नाही तर चंदनकाला ती इतक्या चटकन सुचती ना. आपल्यावर लोक काय म्हणून हसतात हे परक्याला पक्के ठाऊक असते. चंदनक ती थट्टा स्वतःहून अंगावर ओढून घेतो आणि तिचीच ढाल करून एका माणसाचा जीव वाचवितो. वीरकापुढे तो अडाणी दक्षिणी ठरतो. आपल्याला मात्र दोघांतला जाणता कोण हे दिसत असते. परक्याच्या बोलीवरील विनोद जगाच्या वाङ्मयात पुष्कळ आहे. तो विनोद परक्याच्याच हाती देऊन हसणाऱ्याला फसविणारे असे स्थळ आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

पण शूद्रक एवढ्यावर थांबत नाही. ढाल पुरत नाही असे पाहून चंदनक कर्नाटकी तऱ्हेचे भांडण उकरून काढण्याचे ठरवितो, आणि भांडण जातीवर जाते. वीरक जातीने न्हावी, चंदनक चांभार. दोघेही सेनापतीच्या दर्जास चढलेले. एक जण सहाण, दाढी आणि कात्रीच्या खुणा करून दुसऱ्याची जात सुचवितो. दुसरा भेरी आणि पटह ही तुझी आईबापे म्हणून कातड्याची आठवण देतो. प्रेक्षागृहातील वरिष्ठ वर्णाचे लोक येथे खदखदून हसले असतील. हलक्या जातीचे दोघे एकमेकांना हलके म्हणतात, याहून करमणूक ती कोणती? भांडणाच्या शेवटी चंदनक वीरकाला लाथ मारतो. गाडी निघून जाते आणि प्रेक्षक तो प्रवेश विसरतो.

वीरक विसरत नाही. ती रात्र त्याने अपमानाने जळत कशी तरी काढली आहे. नवव्या अंकात न्यायसभा भरलेली असताना तो लाथेची फिर्याद घेऊन येतो, आणि सांगता सांगता ती गाडी चारुदत्ताची होती व तीत बसून वसंतसेना उद्यानात चालली होती, हेही सांगून जातो. खोटे तो एक अक्षर बोलत नाही. त्याला सांगितले गेले तेच सांगतो. पण या एका वाक्याने चारुदत्ताभोवतीचा फास आवळतो. थोड्याच वेळाने मैत्रेय सभेत येऊन शकाराशी हातघाईवर येतो, त्याच्या काखेतले दागिने खाली पडतात, आणि पुरावा पुरा होतो. विदूषकाची मारामारी आणि पहारेकऱ्यांची जातीवरची शिवीगाळ हे दोन्ही हास्याचे ठराविक प्रसंग. नाटककाराने त्यांचीच दोरी वळली आहे. जन्मावरून केलेला अपमान हसण्यावारी गेला असे हसणाऱ्याला वाटते. ज्याचा अपमान झाला त्याच्या मनात तो रात्रभर जागा असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे फळ भलत्यालाच भोगावे लागते. हे तत्त्व म्हणून कोठेही सांगितलेले नाही. गोष्टच तशी घडते.

शेवटी चांडाल. वध करावयास निघालेले हे दोघे कोणाची पाळी यावरून हिशेब करितात. हेही एक भीषण हास्यच आहे. त्यांतील एक जण सांगतो की मरताना बापाने मला उपदेश केला, वध करण्याची पाळी आली तर घाई करू नकोस. एखादा सज्जन पैसे भरून अपराध्याला सोडवील, राजाला मुलगा होऊन बंदी सुटतील, हत्ती साखळदंड तोडील, कदाचित राजाच बदलेल! बाप मुलाला धंद्यातील खुबी सांगतो तसा हा उपदेश. पण त्यात जितकी माणुसकी आहे तितकी पालकाच्या आज्ञेत नाही. न्यायाधीशाने तर मनूचा आधार देऊन ब्राह्मणाला देहदंड नाही, हद्दपारी आहे, असे कळविले होते. राजाने ते मानले नाही. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन त्यांना चांडाल अशी हाक मारतो, तेव्हा ते शांतपणे सांगतात की चांडालकुळात जन्मलो तरी आम्ही चांडाल नव्हे. जे सज्जनाला छळतात ते चांडाल. नगरातील शिष्ट जे बोलू शकले नाहीत, ते नगराबाहेर राहणाऱ्यांनी बोलून दाखविले.

येथवर वाचून शूद्रक हा आजच्या अर्थाने कोणी समाजसुधारक होता, असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. त्याच्या विनोदाला काळे डागही आहेत. संस्कृत वाचणारी बाई पाहून मला हसू येते, असे मैत्रेय तिसऱ्या अंकात म्हणतो आणि तिला नवी वेसण घातलेल्या गाईची उपमा देतो. पाचव्या अंकातील वादळात वसंतसेनेच्या तोंडी संस्कृत श्लोक आहेत आणि मैत्रेय सबंध नाटकभर प्राकृतात बोलतो, त्यामुळे ही थट्टा त्याच्यावरच उलटते, असे आम्ही म्हणू शकतो. पण वसंतसेनेच्या स्थूल, आजारी आईवर त्याने केलेल्या विनोदाला असली सारवासारव लागू पडत नाही. शकारालाही त्याच्या कृत्यांवरून जितके हिणविले आहे, तितकेच त्याच्या आईवरून हिणविले आहे. आणि शेवटी बक्षिसे वाटली जातात तेव्हा काय होते ते पाहावे. वसंतसेनेला वधूपद मिळते, स्थावरक दास्यातून सुटतो, भिक्षू सर्व विहारांचा कुलपती होतो, चंदनक दंडपालांचा मुख्य होतो. चांडालांना काय मिळते? सर्व चांडालांचे अधिपत्य. ज्यांनी आपण चांडाल नाही असे सांगितले, त्यांनाच चांडालांचे मुख्य नेमून नाटक संपते. त्यांचे शब्द नाटककाराने ऐकले, त्याच्या नव्या राज्याने ऐकले नाहीत. त्याच्या दृष्टीची मर्यादा येथे संपूर्ण उघडी पडते, आणि ती झाकून ठेवण्यात आम्हांस काही भूषण वाटत नाही.

तरीही त्याचे श्रेय उरतेच. टी. गणपतिशास्त्री यांनी 1912 पासून त्रिवेंद्रम येथे जी नाटके भासाची म्हणून प्रसिद्ध केली, त्यांत चार अंकांचे ‘चारुदत्त’ आहे. तेच मृच्छकटिकाचे मूळ होय, असे बहुतेक विद्वान मानतात. त्यांचे मत ग्राह्य धरिले तर शूद्रकाने पदरचे काय घातले हे सहज समजते. प्रीती तेथे आहे, चोर आहे, संवाहकही आहे. पण पहारेकऱ्यांचे भांडण, धन्याला नकार देणारा दास, न्यायसभा आणि चांडाल त्या चार अंकांत नाहीत. म्हणजे ज्यांच्या बोलण्यावर नगर विश्वास ठेवीत नाही, त्यांना नगराच्या न्यायासमोर आणून उभे करणे ही शूद्रकाची स्वतःची कामगिरी ठरते.

ही कामगिरी रंगभूमीवर कशी पाळावी, याचा एक मार्ग 1958 साली हबीब तन्वीर यांनी दाखविला. ‘मिट्टी की गाडी’ या नावाने हे नाटक करताना त्यांनी छत्तीसगढच्या लोकनाट्यातील कलावंत दिल्लीच्या रंगभूमीवर आणिले. खेड्यातल्या माणसाची नक्कल शहरी नटाने करावी आणि शहरी प्रेक्षकाने हसावे, हा रिवाज तेथे मोडला. ज्याची बोली त्याच्याच तोंडी आली, आणि हशा पिकविण्याचा अधिकारही त्याच्याकडेच गेला. नकलेतला परका आणि स्वतः बोलणारा परका यांत किती अंतर असते, हे अशा प्रयोगाने जितके समजते तितके दहा लेखांनी समजत नाही.

आपल्या विनोदी वाङ्मयाला लावण्यासारखी एक कसोटी यातून निघते, असे आम्हांस वाटते. परक्या माणसाला पाहून हसू नये, असा कोरडा नियम आम्ही सांगत नाही. तसे केले तर वाङ्मयातून परका माणूसच नाहीसा होईल. आणि ज्याच्याविषयी केवळ आदरानेच बोलावयाचे तो माणूस घरचा कधीच होत नाही. संवाहकाला हसलो म्हणूनच तो आपला झाला. विचारावयाचे ते एवढेच की, हसून झाल्यावर त्या पात्राला बोलू दिले आहे काय. आणि ते बोलले तर पुस्तकातील इतर माणसे आणि आपण वाचक ते ऐकण्याच्या मनःस्थितीत उरलो आहो काय. ज्या नाटकात मोडकी मराठी बोलणारा रखवालदार तीन अंकांत तीनदा येतो, तीनदा लिंगात चुकतो आणि निघून जातो, त्याच्या लेखकाला आम्ही विनोदी म्हणण्यास तयार नाही. त्याने फक्त आपल्या प्रेक्षकांची सवय मोजली आहे. त्याच रखवालदाराने घरात काय काय पाहिले असेल, आणि उद्या त्या घरावर काही प्रसंग आला तर तो काय सांगेल, हा विचार ज्याच्या मनाला शिवेल तो लेखक खरा. दाराशी आलेल्या माणसाची नक्कल करणाऱ्या मुलाला घरातील वडील माणसांनी त्या दिवशी रागावू नये. त्या माणसाला आत बोलावून, तो कोठला, इकडे कसा आला, हे मुलासमक्ष विचारावे. उत्तर ऐकताना मुलाची नक्कल आपोआप थांबेल, आणि कदाचित त्याला गोष्ट सांगण्याची कला त्याच वेळी लाभेल.